हिरव्या चौकड्यांचा तुकडा

खाडीवरचा वारा फिरला. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत तो कारखान्यांच्या बाजूने आंबूस, घशाला खवखवणारा वास घेऊन येत होता. मग एका सकाळी गॅलरीत चहा घेताना त्याला नुसता चिखलाचा आणि मिठाचा वास होता. म्हणजे थंडी आली. वाशीतली थंडी ती काय, पंखा एकवर आणायचा आणि आंघोळीचं पाणी जरा कडक काढायचं. पण आमच्या घरी तेवढ्यावरही पलंगाखालची ट्रंक ओढली जाते. डांबरगोळ्यांचा वास घरभर पसरतो आणि ही एकेक गोधडी काढून माझ्या हातांवर रचते. मी त्या गच्चीवर नेतो, दोरीवर टाकतो, आणि संध्याकाळी उन्हाने फुगलेल्या परत खाली आणतो.

पांघरायला मात्र मला दुकानातलं ब्लँकेट लागतं. गोधडीचे टाके मला टोचतात असं आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. "यांचं कातडं फार नाजूक आहे हो," असं ही आल्यागेल्याला सांगते. टोचतात हे मीच सांगितलं होतं, आणि ते खरं नाही. हिच्या हातची गोधडी अंगावर घेतली की मला झोप लागत नाही, त्याचं कारण कातड्यात नाही.

मी बोलणाऱ्यांतला नाही. घरात मी काही बोललो की ही विचारते, "बरं वाटत नाहीये का?" इतका. तेव्हा आज जे लिहितो आहे ते मला जमेल तसं लिहितो.

आम्ही इथे राहायला आलो त्यानंतरची ती दुसरी थंडी. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. आता खाडीत रेल्वेच्या पुलाचे खांब उभे राहताहेत, बाजारात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा सेक्टरात इमारती कमी आणि नंबर घातलेले दगड जास्त होते. अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या खिडक्यांतून वारा शीळ घालत जायचा. घर कितीही झाडलं तरी पायाखाली सिमेंटची कचकच. संध्याकाळी तिवरांच्या बाजूने कोल्हे ओरडायचे आणि ही कडी लावून घ्यायची. हिचं सगळं आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेलेलं. तिथे दार लोटायचं म्हटलं तरी कुणीतरी विचारायचं, "काय गं, काय झालं?" इथे दिवसभर दार उघडं टाकून बसलं तरी विचारायला कुणी नाही. मी सकाळी कंपनीच्या बसने शिरवणे गावाच्या पुढे कारखान्यात जायचो तो दिवेलागणीला परत. तेवढा सगळा वेळ ही त्या नव्या भिंतींशी काय करत असेल, हे मी कधी विचारलं नाही. पुढे तिला समोरच्या इमारतीतल्या लीलाताई भेटल्या आणि ती घरात नसायला लागली, तेव्हा मात्र ती काय करत असेल याचा मी फार विचार करायला लागलो.

लीलाताई मुंबईतल्या एका शाळेत शिवण शिकवायच्या. निवृत्त होऊन इथे आल्या आणि शनिवारी दुपारी त्यांनी आपल्या बाहेरच्या खोलीत गोधडीचा वर्ग सुरू केला. त्यांची भाची अमेरिकेत होती, ती नमुन्यांची रंगीत मासिकं पाठवायची. त्यामुळे लीलाताई गोधडी म्हणायच्या नाहीत, क्विल्ट म्हणायच्या. चौकोनात चौकोन असा एक नमुना त्यांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितला, तर एक बाई म्हणाली, "हा तर आपल्या सेक्टरचा नकाशा. मधे बाग राहिलीये तेवढी." तेव्हापासून त्या नमुन्याचं नाव सेक्टर. मासळी घेऊन येणारी आगरी म्हातारी पाटी उतरवून दारातच बसायची आणि म्हणायची, "एवऱ्या बाया मिलून एक गोधरी? आमी तं एकलीच शिवतो." हे सगळं ही घरी येऊन मला सांगायची, भाजी चिरता चिरता, म्हातारीच्या आवाजासकट. मी हूं हूं करायचो. पुढे मी ते लक्ष देऊन ऐकायला लागलो. पण तिच्या गमती ऐकण्यासाठी नाही. तिच्या सांगण्यात काय गाळलं जातंय ते मी ऐकत होतो.

त्या थंडीत आमच्या बाहेरच्या खोलीला जमीन उरली नव्हती. खाली जुनं नऊवारी लुगडं ताणून पसरलेलं, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पिठाचा डबा आणि माझी इस्त्री. त्यावर जुन्या चादरींचे थर आणि सगळ्यांत वर तुकडे. मी भिंतीला चिकटून आतबाहेर करायचो. ही मेणबत्तीवरून दोरा ओढून घ्यायची, बोटावर अंगुस्तान चढवायची आणि कडेने शिवत आत आत यायची. सगळे थर एका दमात भेदून सुई वर येते तेव्हा खस्स असा एक आवाज होतो, आणि मग दोरा ओढला जातो त्याचा लांब, कोरडा आवाज. पेपर वाचताना मला तो ऐकू यायचा. आजही येतो. दोन टाक्यांच्या मधे जरा जास्त वेळ गेला की माझी मान वर व्हायची, की ही कुठे बघतेय.

सवयच तशी होती. कंपनीच्या गेटाशी टाइम ऑफिस, तिथे माझी नोकरी. कोण उशिरा आला, कोण लवकर सटकला, कुणाचं कार्ड भलत्यानेच मशीनमध्ये घातलं, हे बघायचं. माणसं खोटं कशी बोलतात ते मला चांगलं कळतं, असं मी समजत असे. खोटं बोलणारा विचारलं त्यापेक्षा जास्त सांगतो. बस पंक्चर झाली, मग पाहुणे भेटले, मग मुलाला ताप. खरं बोलणारा म्हणतो, "उशीर झाला, साहेब." ह्या माझ्या ज्ञानाचा घरात उपयोग झाला नाही, कारण हिने विचारलं त्यापेक्षा कमी सांगितलं.

तो तुकडा मला दिसला तो असाच, पेपर दुमडून ठेवताना. सेक्टरच्या मधोमध, जिथे बाग म्हणायचे तिथे, खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही नजर धरून ठेवील असा एक हिरवा चौकोन. गडद, जुन्या बाटलीसारखा हिरवा, आणि त्यावर मोहरीच्या रंगाच्या बारीक रेघांच्या चौकड्या. भोवतीचे सगळे तुकडे मी ओळखत होतो: तिची परकराची कापडं, माझ्या बहिणीची साडी, उशीचा अभ्रा. हे कापड शर्टाचं होतं. बायकांच्या कपड्यांत असल्या चौकड्या नसतात. आणि ते माझ्या शर्टाचं नव्हतं. माझे शर्ट मी जाणत होतो. ते मोजायला कपाट उघडावं इतकेही नव्हते. तरी मी उघडलं.

"हे हिरवं कुठलं?" मी विचारलं.

तिने वर पाहिलं नाही. सुई अर्धी आत होती. ती जरा हसली. "होतं एक. जपून ठेवलेलं."

एवढंच. मी पुढे विचारलं असतं, "कुणाचं?" तर ही आजची सगळी लिहालिही टळली असती. पण मला विचारता येत नाही. मी पेपर उचलला आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागलो, आणि त्यातली एक ओळ मला आठवत नाही.

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी रेगे बसायचे, आमच्याच इमारतीतले, वरच्या मजल्यावरचे. गोड माणूस, पण त्यांना प्रत्येक गोष्टीच्या खाली आणखी काहीतरी दिसायचं. "काय, कापडगिरणी जोरात चाललीये म्हणे तुमच्याकडे," ते म्हणाले. मी मान हलवली. "बरंय हो. आपण घरी असलो की त्या वर्गात, आपण कामावर असलो की त्या घरी. भांडायला वेळच नाही." मग खिडकीबाहेर बघत, अगदी सहज: "लीलाताईंचे दीर येतात म्हणे शनिवारी. वसंतराव. गिरणीत डिझाइनला आहेत. नमुन्यांचे तुकडे आणून वाटतात बायकांना. रसिक माणूस."

रसिक हा शब्द त्यांनी ज्या रीतीने उच्चारला तो माझ्या कानात घरापर्यंत आला. ही वर्गातली इतकी बडबड सांगायची, म्हातारी सांगायची, अमेरिकेतली भाची सांगायची, आणि वसंतराव कधी सांगितले नव्हते. आता वाटतं, सांगण्यासारखं काही नसेल म्हणून सांगितलं नसेल. तेव्हा मला ती जागा, गोधडीत एक तुकडा लावायचा राहून गेला की दिसते तशी, उघडी दिसायला लागली.

संशयाचं मला एक कळलं आहे. तो मोठ्या गोष्टींवर जगत नाही, त्याला बारीकसारीक चारा लागतो. शनिवारी ही केसांत अबोली माळून गेली. इथे अबोली मिळते कुठे? गिरगावातली गाणी म्हणायची सोडून ती नुसतीच गुणगुणते आहे. चिंध्यांची पिशवी तिने पलंगाखालून काढून कपाटात ठेवली. मी ती पिशवी बाहेर काढून एकेक चिंधी नाकाशी नेऊन पाहिली आहे. हे लिहिताना कान गरम होतात. कापूस, धूळ, साबण, एवढेच वास होते. मग मी पिशवी होती तशी बांधून ठेवली, गाठसुद्धा तिच्यासारखी मारली, आणि सायकल पुसायला गेलो. त्या थंडीत मी सायकल फार पुसायचो. पुसायचं फडकं एका जुन्या शर्टाचं होतं, विटून राखेच्या रंगाचं झालेलं. ते सांगायला हवं, म्हणून सांगितलं.

पौषात दादरला एका कार्यालयात गोधड्यांचं प्रदर्शन भरलं. लीलाताई आपल्या वर्गाला घेऊन जाणार होत्या, आणि वर्गाच्या अर्धवट गोधड्याही तिथे एका कोपऱ्यात टांगायच्या होत्या. हिची आठवडाभर लगबग. "तुम्ही येता का बघायला?" असंही तिने विचारलं. मी म्हणालो, सुटी नाही. त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पूल ओलांडून दादरला गेलो.

आयुष्यात इतकं रंगीत काही मी पाहिलं नव्हतं. हॉलभर दोऱ्या बांधून गोधड्या टांगल्या होत्या, रांगांमागून रांगा, आणि त्यांच्या मधून गल्ल्या. कच्छच्या, खानदेशच्या, कोकणातल्या. दाराशी उदबत्ती लावलेली आणि तरी सगळ्या हॉलला माणसांच्या झोपेचा वास. गोधड्या जमिनीपर्यंत पोचत नव्हत्या. त्यामुळे पलीकडच्या गल्लीतली माणसं दिसायची नाहीत, त्यांचे पाय तेवढे दिसायचे. मी पाय बघत चाललो. एका ठिकाणी मला हिच्या चपला दिसल्या, अंगठ्याशी मीच चांभाराकडून टाका घालून आणलेल्या. आणि त्यांच्या समोर, टोकं हिच्याकडे करून, पॉलिश केलेले तपकिरी बूट.

पुरुषाचा आवाज म्हणाला, "हे मधलं हिरवं कुठलं हो? फार सुंदर रंग धरलाय. आमच्याकडचं नाही हे."

आणि ही हसली. घरी हसते त्यापेक्षा मोकळी. "ते नाही सांगायचं," ती म्हणाली.

मधे एक कापड होतं. मी हात लावून ते बाजूला केलं असतं तर वसंतराव दिसले असते. जाड चष्म्याचे, दम्याने वाकलेले, हिच्या वडिलांच्या वयाचे. तसे ते आहेत हे मला पुढे, उन्हाळ्यात, बसस्टॉपवर दिसलं. शिवाय त्यांचं वाक्य नीट ऐकलं असतं तरी पुरलं असतं. आमच्याकडचं नाही, असं तो माणूस स्वतःच्या तोंडाने सांगत होता. पण मी ऐकायला गेलोच नव्हतो. संशयी माणसाला वाटतं की त्याला खात्री करून घ्यायची आहे. त्याला खात्री नको असते. खात्री झाली की काहीतरी करावं लागतं, नाहीतर हा इतके दिवस सांभाळलेला संशय टाकून द्यावा लागतो, आणि तो तर अंगाचा झालेला असतो. मी आल्या पावली बाहेर पडलो. बसमध्ये बसलो आणि पुलावर गार वारा लागला तेव्हा लक्षात आलं की मी हिची गोधडी पाहिलीच नाही. पाय पाहिले आणि आलो.

संक्रांतीला पुरी करायची, म्हणून प्रदर्शनातून आल्यावर ही हात चालवत होती. बागेभोवतीचा शेवटचा वेढा राहिला होता. एका सकाळी ती रॉकेलच्या रांगेला गेली. मी रजेवर, सर्दी झाली म्हणून. गोधडी घडी घालून ट्रंकेवर ठेवलेली, वरच्या घडीत सुई खोचलेली, दोरा लोंबता. आणि खालून आवाज आला: भांडीय... जुन्या कपड्यावर भांडी...

बोहारीण दारात बसली तेव्हासुद्धा मी काय करणार आहे ते मला माहीत नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. माहीत होतं. कारण मी आधी सुई काढली. हिच्या सुयांच्या गादीत ती नीट टोचून ठेवली, आणि मग गोधडी बाहेर नेली.

बोहारणीने ती उलगडली. एक टोक दातात धरून ताणलं, उजेडात धरली, आणि माझ्याकडे पाहिलं. "जुनी नाय ही, साब. नवी हाय. बाई कुठे?"

"बाहेर गेलीये."

"मग बाई येऊ दे ना. मी वरती जाऊन येते."

"तिनेच द्यायला सांगितलंय."

"अर्धी शिवलेली?" तिने ओठ मुडपले. टोपलीतून एक पातेली काढली. मी हो म्हणालो. ती आणखीच सावध झाली. "साब, तुमी घासाघीस नाय करत. चोरीचा माल तर नाय ना?"

"माझंच घर आहे हे."

"घर तुमचं, ते दिसतंय," ती म्हणाली. मग पातेली परत ठेवून तिने कडीचा स्टीलचा डबा काढला, मोठा, जणू मी बोललो नाही म्हणूनच जास्त दिला. "नंतर बाई मागे धावत आली तर मी देनार नाय. सांगून ठेवते."

ही धावत गेली. रॉकेलचा कॅन दारात ठेवला, डबा पाहिला, म्हणाली, "अय्या, हा कुठला?" मी म्हणालो, बोहारीण आली होती, ट्रंकेवरची जुनी गोधडी दिली. ती एक क्षण हसली, म्हणजे तिला वाटलं मी थट्टा करतोय. मी थट्टा करत नाही हे तिला माहीत असूनही. मग ट्रंकेकडे पाहिलं. मग चपला न घालता जिना उतरून गेली. मी गॅलरीतून बघत होतो. मोकळ्या प्लॉटांवरून ती या टोकाला गेली, त्या टोकाला गेली, नंबरांच्या दगडांशी थांबून कान देत होती. आवाज कुठेच नव्हता. उन्हात तिची सावली पायाशी गोळा झाली होती.

परत आली तेव्हा पायाला सिमेंट लागलं होतं. ती खाली बसली, रिकाम्या जमिनीवर. फार दिवसांनी ती जमीन दिसत होती. ओरडली नाही. म्हणाली, "त्यात तुमचा शर्ट होता."

"माझा कुठला?"

"हिरवा. मला बघायला आला होतात ना गिरगावात, तेव्हाचा. सगळा विटून गेला, तुम्ही सायकलला घेतलात. मी त्याच्याआधी खिसा उसवून बघितला. खाली ऊन लागलं नव्हतं ना, तिथलं कापड तसंच होतं. त्या दिवशीसारखं." मग, "तुम्ही ओळखाल म्हणून मी सांगत नव्हते. पुरी झाल्यावर ओळखाल म्हटलं."

शर्टाला खिसा एकच असतो.

तेव्हा सांगायचं होतं. ती समोर होती, मी समोर होतो, आणि तिच्या पायाला सिमेंट लागलेलं होतं. मी म्हणालो, "मला वाटलं चिंध्याच आहेत. कळलं नाही मला." आणि तिने ते घेतलं. संध्याकाळपर्यंत तिने मला माफसुद्धा केलं. पुरुषांना काय कळतंय, असं म्हणून.

खरा गुन्हा इथून पुढचा आहे. पुढच्या शनिवारी तिने वर्गात सांगितलं आणि बायका पोट धरून हसल्या. ती गोष्ट झाली. दर थंडीत, नवीन कुणी वर्गाला आलं की ती गोष्ट सांगायची. "आमच्या यांनी माझी अख्खी क्विल्ट बोहारणीला दिली हो, डब्यावर. स्वतःच्या शर्टासकट." माझी नक्कल करायची: नाकावर चष्मा, हातात डबा, "कळलं नाही मला." मीही हसायचो. वर्षानुवर्षं मी तिथे बसून भोळ्या नवऱ्याचं सोंग केलं. तिच्याकडून मी गोधडी घेतलीच. पण रागवायचा तिचा हक्कही काढून घेतला आणि त्याच्या बदल्यात तिला एक विनोद दिला. बोहारणीचा व्यवहार त्यापेक्षा सरळ होता.

आणि संशय गेला का? तेही सांगतो. तो हिच्यावरून हळूहळू उठला आणि माझ्यावर येऊन बसला. मी स्वतःचं काहीच खरं धरू शकत नाही. गोधड्या मी गच्चीवर नेऊन देतो ते प्रेमाने की कुणी विचारू नये म्हणून? यंदा मी तिला सांगितलं ते तिच्यासाठी की माझ्या झोपेसाठी? मला अजून माहीत नाही.

यंदा सांगितलं. गेल्याच रविवारी, गोधड्या गच्चीवरून आणल्यावर. ती घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं, रेगे, चिंध्यांची पिशवी, दादर, तपकिरी बूट. ती घड्या घालत राहिली. शेवटी म्हणाली, "सुई तुम्ही काढलीत?"

"हो."

"मी गादीत बघितली होती त्या दिवशी. मला वाटलं होतं, सुई तर गोधडीत होती. मग म्हटलं, आपणच काढली असेल." तिने हातातली घडी दाबली. "मी किती दिवस आठवत बसले होते, मी कधी काढली."

मग तिने उरलेल्या घड्या घातल्या. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू झाले. पोळी लाटताना, गॅस पुसताना, पाठ करून. प्रदर्शनातून तुम्ही निघालात ते कुठल्या दाराने? मी हसले ते तुम्हाला ऐकू आलं? त्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले, तेव्हा तुम्ही मधेच न कळवता आलात, ते आठवण आली म्हणून ना? त्या शेवटच्याला मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही, आणि तिला उत्तर मिळालं. मी तिला ओळखतो. ती आता आमची सगळी वर्षं उजेडात धरून बघते आहे, कुठे कुठे भोकं आहेत ते. ती विचारते तेवढंच मी सांगतो. जास्त सांगत नाही.

लीलाताई आता थकल्यात, म्हणून वर्ग आमच्याकडे भरतो. काल शनिवार होता. जमीन पुन्हा झाकली गेलेली, कोपऱ्यांवर वजनं, पाच-सहा बायका गुडघे दुमडून बसलेल्या, लीलाताई खुर्चीत. नेरुळहून एक नवी मुलगी आली होती, लग्न होऊन वर्ष झालेली. तिला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असावं. "काकू, ती बोहारणीची गोष्ट सांगा ना."

हिने दोरा तोडला. "यांना विचार," ती म्हणाली. "त्यांची आहे ती गोष्ट."

बायका हसायची तयारी करून माझ्याकडे वळल्या. मी आतल्या खोलीच्या दारात उभा होतो. आत जाता आलं असतं. मी म्हणालो, "ती हसण्यासारखी नाही," आणि सांगितली. फार वेळ लागला नाही. लीलाताई ऐकता ऐकता एकदाच म्हणाल्या, "वसंतभावजी? अरे देवा." मी संपवलं तेव्हा कुणाला काय करावं कळेना. नवी मुलगी आपल्या तुकड्यांकडे बघत होती.

मग ही उठली. पसरलेल्या गोधडीला एका बाजूने सुरकुती पडली होती, ती काढायला दोघांनी टोकं ताणून धरावी लागतात. तिने एक टोक उचलून माझ्या हातात दिलं.

"घट्ट धरा," ती म्हणाली. आणि नव्या मुलीकडे वळून, अगदी रोजच्या आवाजात, "तू त्यांच्यावर लक्ष ठेव गं. भांडीवाली आली तर मला हाक मार."

बायका हसल्या, सुटल्यासारख्या. ही हसली नाही. तिने समोरचं टोक धरून ओढलं, आणि मी माझं धरून उभा राहिलो.